शीत संमीलन : एक दावा आणि शासनांची कसोटी

दिनांक २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा राज्याच्या राजधानीत, सॉल्ट लेक सिटी येथे, तेथील विद्यापीठाने एक पत्रकार परिषद बोलाविली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठाचे मार्टिन फ्लाइशमन आणि युटा विद्यापीठाचे स्टॅन्ली पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी तेथे असे जाहीर केले की, सूर्याच्या गाभ्यात जी क्रिया चालते ती आपण प्रयोगशाळेतील मेजावर, साध्या तापमानात, काचेच्या एका भांड्यात घडवून आणली आहे. दुसऱ्याच दिवशी अलास्काच्या किनाऱ्यावर तेलवाहू जहाज फुटून समुद्र काळा झाला. चेर्नोबिलच्या अपघातालाही तेव्हा जेमतेम तीन वर्षे होत होती. स्वच्छ ऊर्जेची आस लागलेल्या जगाने या वार्तेवर झडप घातली, यात नवल नाही.

संमीलन म्हणजे काय?

आजच्या अणुवीज केंद्रांत युरेनियमसारख्या जड केंद्रकाचे विखंडन होते. संमीलनाची क्रिया याच्या उलट आहे. तीत दोन हलकी केंद्रके एकत्र येऊन एक जड केंद्रक बनते व त्या वेळी प्रचंड ऊर्जा बाहेर पडते. यासाठी लागणारे ड्यूटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, समुद्राच्या पाण्यात मुबलक आहे. एक लिटर समुद्रजलातील ड्यूटेरियमचे संपूर्ण संमीलन झाले, तर सुमारे ३०० लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मिळेल, असा हिशेब मांडला जातो.

अडचण एवढीच की, दोन्ही केंद्रकांवर धन विद्युत्भार असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. हा विरोध मोडण्यासाठी पदार्थ कोट्यवधी अंशांपर्यंत तापवावा लागतो. फ्रान्समधील कादराश येथे, भारतासह अनेक राष्ट्रांच्या सहकार्याने उभा राहत असलेला ‘इटर’ प्रकल्प याच मार्गाचा आहे. त्याचा खर्च व त्याला लागलेला काळ सर्वांना ठाऊकच आहे.

फ्लाइशमन व पॉन्स यांचे साधन त्या मानाने अगदीच साधे होते. जड पाण्यात लिथियमचा क्षार, प्लॅटिनमचे धनाग्र, पॅलेडियमचे ऋणाग्र आणि विजेचा प्रवाह. शाळेत पाण्याचे विद्युत् विघटन ज्याने करून दाखविले आहे, त्या शिक्षकास हे साहित्य परके वाटू नये. पॅलेडियम हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या कित्येक शेपट हायड्रोजन शोषून घेतो, हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत होते. त्याच्या जाळीत ड्यूटेरियम इतके दाटीने बसते की केंद्रके जुळून येतात, असा या दोघांचा तर्क होता. दिलेल्या विजेपेक्षा अधिक उष्णता मिळाली, हा त्यांचा मुख्य पुरावा. १९२६ मध्ये बर्लिन येथे पॅनेथ व पीटर्स यांनीही पॅलेडियममध्ये हायड्रोजनपासून हेलियम बनल्याचे म्हटले होते आणि पुढे स्वतःहून ते मागे घेतले होते.

पुरावा कोठे लंगडा पडला?

दिलेली ऊर्जा विजेच्या मापकावर सरळ वाचता येते. निघालेली उष्णता मात्र तापमानावरून आडमार्गाने काढावी लागते. चुलीवरचे पाणी न ढवळता एकाच ठिकाणी तापमापी बुडविली, तर सबंध भांड्याचे तापमान कळत नाही. कॅलिफोर्निया तंत्रशास्त्र संस्थेचे नेथन लुईस यांनी १ मे १९८९ रोजी बाल्टिमोर येथील भौतिकशास्त्रज्ञांच्या सभेत नेमके अशाच स्वरूपाचे आक्षेप घेतले. शिवाय, जड पाण्याऐवजी साधे पाणी घेऊन केलेला तुलनात्मक प्रयोग कोठे आहे, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळत नव्हते.

दुसरी उणीव याहून गंभीर होती. ड्यूटेरियमची दोन केंद्रके जुळली की, ज्ञात नियमांप्रमाणे निम्म्या वेळी न्यूट्रॉन बाहेर पडतो व निम्म्या वेळी ट्रिटियम तयार होते. अशा रीतीने एक वॅट उष्णता मिळवायची, तर दर सेकंदाला सुमारे एक लक्ष कोटी न्यूट्रॉन निघावयास हवेत. प्रत्यक्षात दाखविलेली संख्या त्याच्या कित्येक कोटी पटींनी कमी होती. हिशेबाप्रमाणे न्यूट्रॉन निघाले असते, तर भांड्याजवळ उभे राहिलेले संशोधक पत्रकार परिषदेपर्यंत पोहोचलेच नसते! जॉर्जिया तंत्रशास्त्र संस्थेने एप्रिलमध्ये न्यूट्रॉन सापडल्याचे सांगितले, आणि आपले मापक उष्णतेमुळेच आकडे दाखवीत होते असे आढळल्यावर काही दिवसांतच ते विधान प्रांजळपणे मागे घेतले.

सार्वजनिक पैसा

या प्रकरणाचा प्रशासनाच्या दृष्टीने अभ्यसनीय भाग येथून पुढे आहे. युटाच्या विधिमंडळाने घोषणेनंतर अवघ्या पंधरवड्यात, ७ एप्रिल रोजी, ५० लाख डॉलरची तरतूद मंजूर केली. शास्त्रीय दुजोरा मिळाल्यावरच निधी मोकळा करावा, ही अट घालण्याचे शहाणपण त्यात होते. परंतु दुजोरा म्हणजे नेमके काय, हे ठरविणे अवघड गेले. ऑगस्टमध्ये राष्ट्रीय शीत संमीलन संस्था सुरू झाली आणि जून १९९१ मध्ये बंदही पडली. मध्यंतरी या संस्थेस मिळालेली पाच लाख डॉलरची ‘निनावी देणगी’ विद्यापीठाच्याच निधीतून आलेली होती, हे १९९० मध्ये उघडकीस आले व विद्यापीठाच्या अध्यक्षांना पुढे पद सोडावे लागले. प्रयोग फसण्यापेक्षा असा व्यवहार संस्थेला अधिक महागात पडतो.

केंद्र शासनाची रीत वेगळी होती. २६ एप्रिल रोजी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या विज्ञानविषयक समितीपुढे विद्यापीठाने २५० लाख डॉलरची अपेक्षा व्यक्त केली. ती रक्कम देण्याऐवजी ऊर्जा खात्याने जॉन ह्युइझेंगा व नॉर्मन रॅम्झे यांच्या सहअध्यक्षतेखाली तज्ज्ञमंडळ नेमले, आणि मंडळाने निरनिराळ्या प्रयोगशाळा प्रत्यक्ष पाहिल्या. नोव्हेंबर १९८९ च्या अहवालात पुरावा पटण्यासारखा नाही, स्वतंत्र केंद्र अथवा खास कार्यक्रम नको, असे म्हटले होते. तथापि चांगला प्रस्ताव आला तर नेहमीच्या पद्धतीने छाननी करून माफक साहाय्य द्यावे, एवढी वाट त्याने मोकळी ठेवली. २००४ साली १८ परीक्षकांकरवी पुन्हा आढावा घेण्यात आला. जादा उष्णतेविषयी त्यांची मते जवळजवळ समसमान विभागली. ती उष्णता केंद्रकीय क्रियेचीच आहे हे मात्र बहुतेकांना पटले नाही. जपानने १९९० नंतरच्या दशकात ‘नव हायड्रोजन ऊर्जा’ या नावाने शासकीय कार्यक्रम चालविला आणि निश्चित फळ हाती न आल्याने तो आवरता घेतला.

तुर्भ्यातील प्रयोग

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात जड पाणी उपलब्ध होते आणि ट्रिटियम मोजण्याचा अनुभवही होता. संचालक डॉ. पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने तेथील अनेक गटांनी घोषणेनंतर काही आठवड्यांतच प्रयोग आरंभिले. डॉ. अय्यंगार व डॉ. एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला अहवाल डिसेंबर १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूट्रॉन व ट्रिटियम मिळाल्याचे त्यात नमूद होते; मात्र ट्रिटियमचे प्रमाण न्यूट्रॉनच्या कोट्यवधी पट होते. ज्ञात सिद्धांताप्रमाणे ही दोन्ही सारखीच हवीत. हे कोडे उलगडले नाही व पुढील काही वर्षांत काम मंदावत जाऊन थांबले. तरीही तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी आपले आकडे गैरसोयीचे असूनही जसेच्या तसे छापले, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाने २०१५ मध्ये या विषयावर खास विभाग काढला, त्याच्या संपादकांत डॉ. श्रीनिवासन होते.

नंतरची स्थिती

गुगल कंपनीने २०१५ पासून सुमारे ३० संशोधकांना साहाय्य देऊन जुने दावे काटेकोरपणे तपासून घेतले. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांचा निष्कर्ष आला : शीत संमीलनाचा पुरावा आढळला नाही, पण पॅलेडियममध्ये ड्यूटेरियम दाटीने भरणे समजले जाते त्याहून कठीण आहे हे कळले, आणि उष्णता मोजण्याची अधिक चांगली साधने हाती आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातील एका संस्थेने आठ प्रकल्पांना मिळून १०० लाख डॉलर मंजूर केले. त्यामागे वीजनिर्मितीचे आश्वासन नव्हते. हे क्षेत्र पुढे चालवावे की सोडून द्यावे, याचा निर्णय करता येईल असा पुरावा गोळा करणे, हे त्या अनुदानाचे उद्दिष्ट होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने, पॅलेडियममध्ये विजेच्या साहाय्याने अधिक ड्यूटेरियम भरल्यास त्यावर आदळणाऱ्या ड्यूटेरियमचे संमीलन सरासरी १५ टक्क्यांनी वाढते, असे दाखविले. येथे मोजमाप उष्णतेचे नव्हते, न्यूट्रॉनचे होते. त्यामुळे संमीलन झाले याविषयी वाद उरला नाही. त्या यंत्राला १५ वॅट वीज लागली आणि संमीलनातून मिळाला तो एका वॅटचा सुमारे शंभर कोटीवा भाग.