न खाणारा बॉल पायथन : उपवासाची कारणे आणि निगा

पश्चिम आणि मध्य आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशांत व विरळ जंगलांत राहणारा बॉल पायथन हा लहान चणीचा अजगर अमेरिका व युरोपातील घरांमध्ये सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या सापांपैकी एक असून, शांत स्वभावाइतकाच तो अन्न नाकारण्याच्या सवयीसाठीही पाळणाऱ्यांमध्ये ओळखला जातो. त्याला सांभाळणाऱ्यांच्या अनुभवांतून वारंवार दिसते ते असे की, निरोगी प्रौढ साप केवळ उपवासाने क्वचितच दगावतो. उपवास मोडावा म्हणून घाईघाईने केलेले उपायच त्याला अधिक अपाय करतात.

साप हा बाह्यतापी प्राणी आहे, म्हणजे शरीराची उष्णता तो अन्न जाळून निर्माण करत नाही तर परिसरातून घेतो, आणि त्यामुळे त्याच आकाराच्या सस्तन प्राण्याच्या तुलनेत त्याला फारच थोडे अन्न पुरते. अजगरवर्गीय सापांत तर पचनसंस्थाच उपवासाला जुळवून घेते : ब्रह्मदेशी अजगरावरील अभ्यासात असे दिसले आहे की, उपवासात आकसलेले लहान आतडे भक्ष्य गिळल्यानंतर एकदोन दिवसांत वजनाने सुमारे दुप्पट होते आणि पचन संपल्यावर पुन्हा आकसते. प्रौढ बॉल पायथन काही महिने न खाता राहू शकतो. विणीच्या हंगामात नर आणि पोटात अंडी असलेली मादी अन्नाकडे पाठ फिरवतात, आणि कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ निळे होऊन दृष्टी अंधुक झाली की बहुतेक साप खात नाहीत. या काळातील नकार ही तक्रार नव्हे. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांच्या बाबतीत मात्र एवढी निश्चिंती परवडणारी नाही, कारण त्यांच्या अंगात साठा थोडा असतो.

नवा साप घरी आणणाऱ्या बहुतेकांची चूक एकाच क्रमाने घडते. प्रवासाने बिथरलेल्या प्राण्याला पहिल्याच दिवशी हाताळले जाते व खायला दिले जाते. त्याने नाकारले की दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी वेगळे भक्ष्य, मग वेगळी पेटी, आणि प्रत्येक वेळी त्याला उचलून ठेवणे, अशी मालिका सुरू होते. ज्या भीतीमुळे साप खात नाही तीच भीती अशा प्रत्येक प्रयत्नाने वाढत जाते, आणि पाळणाऱ्याची काळजी जितकी प्रामाणिक तितका हा फेरा आवळत जातो, ही या प्रकारातील सर्वांत दुःखद बाजू होय. आल्यापासून किमान आठवडाभर पाणी बदलणे आणि घाण काढणे एवढ्यापुरताच पेटीत हात घालावा, आणि नकारानंतर पुढचा प्रयत्न आठवड्याच्या आत करू नये.

या मोकळ्या मिळालेल्या दिवसांत लक्ष द्यायचे ते पेटीकडे. निसर्गात हा साप दिवस उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या वारुळांत काढतो, जिथे अंधार असतो, हवा दमट असते आणि अंगाला चहूबाजूंनी भिंतीचा स्पर्श होतो. काचेच्या मोठ्या, उजळ आणि रिकाम्या टाकीत यांतले काहीच नसते, म्हणून ती माणसाला कितीही ऐसपैस वाटली तरी सापाला उघड्यावर पडल्यासारखी असते. अंग जेमतेम मावेल असे दोन आडोसे, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला, द्यावेत, म्हणजे ऊब आणि सुरक्षितता यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. उबदार बाजूच्या पृष्ठभागाचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, थंड बाजू २५ ते २७ अंश आणि हवेतील आर्द्रता साधारण ६० टक्के किंवा थोडी अधिक असावी. उष्णता देणारे साधन थर्मोस्टॅटला, म्हणजे ठरवलेल्या तापमानाला वीज आपोआप तोडणाऱ्या यंत्राला, जोडलेले नसेल तर सापाचे पोट भाजू शकते. आणि ऊब अपुरी असेल तर भूकही मंदावते आणि गिळलेले भक्ष्य न पचता उलटून पडते. हाताने स्पर्श करून केलेला अंदाज येथे उपयोगाचा नाही, मोजणीच हवी.

भक्ष्य देण्याची रीत सापाच्या इंद्रियांवरून ठरते. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणाऱ्या खाचा असतात, त्यामुळे फ्रिजमधून काढलेला थंड उंदीर त्याला भक्ष्य म्हणून जाणवतच नाही. गोठवलेला उंदीर रात्रभर शीतकपाटात वितळू द्यावा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवावा आणि त्याचे अंग ३८ ते ४० अंशांपर्यंत उबदार झाल्यावर, संध्याकाळनंतर मंद उजेडात, लांब चिमट्याने आडोशाच्या तोंडाशी धरावा. मायक्रोवेव्हचा वापर कटाक्षाने टाळावा, कारण त्यात भक्ष्य असमान तापते, कुठे थंड तर कुठे शिजलेले राहते. भक्ष्याची जाडी सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकी पुरे. साप पूर्वी जे खात होता, जिवंत की गोठवलेले, घरातला उंदीर की पांढरा, हे विक्रेत्याकडून आधीच विचारून घेतले तर अर्धे कष्ट वाचतात. जिवंत उंदीर पेटीत सोडून निघून जाणे ही मात्र निव्वळ क्रूरता आहे : भुकेला नसलेल्या सापाला उंदीर कुरतडतो, आणि त्या जखमा कित्येकदा प्राणघातक ठरतात.

उपवास काळजीचा आहे की नाही, हे डोळ्यांनी नव्हे तर वजनाने ठरवावे. दर एकदोन आठवड्यांनी ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून ते नोंदवले, तर आधार मिळतो. वजन जवळजवळ स्थिर असेल तर वाट पाहणे योग्य, पण ते दहा टक्क्यांहून अधिक घटले, किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे, हिरड्यांवर चिकट पांढरा थर वा खवल्यांखाली गोचिडासारखे बारीक परजीवी दिसले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे विलंब न करता जावे. जबरदस्तीने घास घालणे हे त्यांचे काम आहे. अननुभवी हाताने जबडा आणि अन्ननलिका दोन्हींना इजा होते.

महाराष्ट्रात हा विषय आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. नाग, धामण यांसारखे देशी साप पाळणे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ अन्वये गुन्हा असून, बॉल पायथनसारखी परदेशी प्रजाती बाळगणाऱ्यांना याच कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने नोंदणीचे बंधन घातले आहे. नोंदणी न केलेला प्राणी लपवून ठेवला की आजारातही त्याला उपचारासाठी बाहेर काढण्याचे धाडस होत नाही, आणि किंमत प्राणीच मोजतो.

दीर्घ उपवासानंतर साप अखेर खाऊ लागला की नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्यावे, किमान दोन दिवस त्याला हात लावू नये, आणि पहिले दोनतीन घास नीट पचून विष्ठा दिसेपर्यंत मात्रा वाढवू नये.