हाताची पुस्तकबांधणी: व्यवसाय आणि वाटचाल

महागाव, जि. यवतमाळ

चि. भाच्यास,

हाताच्या पुस्तकबांधणीत गिऱ्हाइकाला पुठ्ठा आणि कातडे दिसते. पुस्तक टिकते ते आतल्या शिलाईवर. कारखान्यातल्या बहुतेक पुस्तकांची पाठ कापून तीवर गरम सरस लावतात. सरस कडक झाला की कण्याला तडा जातो आणि पाने सुटतात. हाताच्या बांधणीत घडी घातलेले फर्मे दोऱ्याने शिवलेले असतात, त्यामुळे पान घडीच्या आधाराने राहते आणि पुस्तक सपाट उघडते. ही शिलाई म्हणजेच जुजबंदी.

मराठी मुलखातला जुना ग्रंथ म्हणजे सुट्या पानांची पोथी. वर-खाली लाकडी पाट्या आणि भोवती कापड, एवढीच तिची बांधणी. मोडी कागद रुमालात बांधत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद आजही रुमालांनीच ओळखले जातात. शिवलेली बांधणी व्यापाऱ्याच्या चोपडीला असे. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली पंचांग छापले. पुढे छापखाने वाढले तसे बाइंडरचे कामही वाढले. हा इतिहास कामाच्या ठिकाणी उपयोगी पडतो. महागावाजवळच माहूरसारखे क्षेत्र आहे आणि घरोघर पोथ्या आहेत. अशी पोथी बांधायला आली, तर तिला भोके पाडून पुस्तक करू नये. पाने साफ करून, मापाच्या पाट्या आणि धुतलेले सुती कापड देऊन ती परत करावी.

काम कागद पाहण्यापासून सुरू होते. कागद आडवा-उभा हलकाच वाकवून पाहावा. ज्या अंगाने तो सहज वाकतो, त्यावरून तंतूंची दिशा कळते. ही दिशा कण्याला समांतर असावी लागते, नाहीतर खळ लागताच पान सुरकुतते आणि पावसाळ्यात पुठ्ठा पिळतो. मग फर्मे जुळवून प्रेसमध्ये दाबतात, घडीवर दाभणाने भोके पाडतात आणि फितीवर किंवा दोरीवर शिवतात. दोरा फार बारीक असला तर कागद कापतो. जाड असला तर पाठ फुगते. त्यानंतर पाठीला खळ लावून ती हातोडीने हलके ठोकत गोल करतात, कापड चढवतात आणि पुठ्ठे जोडतात. कातड्याच्या कडा रापीने तासून पातळ केल्याशिवाय कोपरे नीट बसत नाहीत. अस्तर चिकटवल्यावर पुस्तक वजनाखाली रात्रभर ठेवावे. यवतमाळच्या उन्हाळ्यात खळ हातातच सुकते, म्हणून चिकटवण्याचे काम पहाटे उरकावे.

चिकटवण्याच्या पदार्थावरून बाइंडरची पारख होते. मैद्याची खळ पाण्याने सोडवता येते. फेविकॉल एकदा धरला की जुन्या कागदावरून सुटत नाही. कसर आणि वाळवी लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची रीत आहे. रोजच्या रजिस्टरला ती चालते. जुन्या दस्तऐवजाला नाही, कारण तांब्याचे क्षार कागद लवकर कुजवतात. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. आज केलेली दुरुस्ती उद्याच्या कारागिराला उलगडता आली पाहिजे, हा या धंद्यातला पहिला नियम.

तालुक्याच्या गावी केवळ कातडी बांधणीवर घर चालत नाही. शाळांची हजेरीपत्रके, दुकानदारांच्या खतावण्या, वकिलांची कायद्याची पुस्तके, वाचनालयांतील सुटलेले ग्रंथ आणि अमरावती विद्यापीठाला सादर होणारे प्रबंध, ही रोजची भाकर. सातबारा संगणकावर गेल्यापासून दप्तरी काम घटले. पण जुने दप्तर दुरुस्तीला आहेच. हेच साधे काम हात तयार करते. ज्याचे रजिस्टर सरळ कापले जात नाही, त्याच्या हाती सोन्याचा वर्ख देऊ नये.

शिक्षणाचे टप्पे असे धरावेत. आधी चालत्या बाइंडिंगखान्यात उमेदवारी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालील व्यवसायांत पुस्तकबांधणीही आहे. पुढे शासकीय मुद्रणालयातील बांधणी विभागाचे काम पाहावे. जतनाकडे ओढा असेल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभिलेख-दुरुस्तीचे अभ्यासक्रम, लखनौची सांस्कृतिक वारसा-जतन प्रयोगशाळा आणि पुण्याची भांडारकर संस्था ही नावे लक्षात ठेवावीत. भांडारकरमधील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांची नोंद २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती-यादीत झाली. अशी ठेव सांभाळायला कागद जाणणारा हात लागतो. हातकागदासाठी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याची परंपरा समजून घ्यावी.

या टप्प्यांच्या दृष्टीने इंग्लंडमधील पुस्तकबांधणीकार डग्लस कॉकरेल याची वाटचाल पाहण्यासारखी आहे. तो डव्ह्ज बाइंडरीत उमेदवार म्हणून शिकला, १९०१ साली बांधणीवर पाठ्यग्रंथ लिहिला आणि १९३५ साली कोडेक्स सिनायटिकस या बायबलच्या प्राचीन हस्तलिखिताची बांधणी केली. पहिल्या उमेदवारीपासून त्या कामापर्यंत त्याला सुमारे चाळीस वर्षे लागली.

व्यवहारात तीन गोष्टी पाळाव्यात. काम घेताना पाने मोजून गिऱ्हाइकासमोर लिहून घ्यावीत आणि आधीचे नुकसानही नोंदवावे. दर पानांवर न ठरवता शिलाई, कापड किंवा कातडे आणि दुरुस्तीचे तास धरून सांगावा. जे काम हाताबाहेरचे आहे, ते मोठ्या संस्थेकडे पाठवावे. त्याने गिऱ्हाईक तुटत नाही, उलट पुढच्या वेळी विश्वासाने येते.

कळावे.

मामा