तमाशातील गवळण आणि तिचे विडंबन

प्रास्ताविक

विडंबनकाव्य म्हटले की आपल्याला केशवकुमारांचा ‘झेंडूची फुले’ (१९२५) हा संग्रह आठवतो. छापील विडंबनाची एक अडचण असते. मूळ कविता वाचकाच्या स्मरणात नसेल, तर त्यातील निम्मी गंमत हरवते. तमाशाने ही अडचण कशी सोडवली, ते जुन्नर-आंबेगाव परिसराच्या आधारे पाहू.

विवेचन

जुन्नर तालुक्यातील नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पुढारी सुपारी देण्यासाठी येतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकर या बंधूंच्या फडाने गावाचे नाव दूरवर नेले. भाऊंच्या कन्या विठाबाई (१९३५–२००२) याच परंपरेत घडल्या. आंबेगावकडील यात्रांतही दिवसा बैलगाड्यांची शर्यत आणि रात्री तमाशा हा ओळखीचा क्रम आहे.

गण संपला की गवळण सुरू होते. दूध-दही घेऊन मथुरेच्या बाजारास निघालेल्या गौळणी, वाट अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि पुरुष नटाने रंगवलेली मावशी ही त्यातील पात्रे. गौळणींचे पद भक्तिभावाने गायिले जाते. मग सोंगाड्या तीच चाल उचलतो आणि शब्द तेवढे बदलतो. कृष्णाने मागितलेल्या दाणाच्या जागी बाजारकराची पावती येते, मथुरेच्या जागी त्याच गावचा आठवडे बाजार. ढोलकीचा ठेका मात्र ढळत नाही आणि सुरत्ये बदललेली ओळही तितक्याच निष्ठेने झेलतात. मूळ पदाची आठवण करून देण्याचे काम येथे चालच करते. पद नुकतेच कानावरून गेलेले असल्याने, ते पूर्वी कधी न ऐकलेला प्रेक्षकही हसतो.

या विनोदाला दुसरा आवाज लागतो. एकाने सरळ बोलावे, दुसऱ्याने वाकडे ऐकावे. सांगली जिल्ह्यातील कवलापूरचे जुळे बंधू लहू व अंकुश खाडे, म्हणजेच ‘काळू-बाळू’, यांनी तर परस्परांतील साम्यालाच विनोदाचे भांडवल केले.

यात भक्तीची टवाळी होते काय? तसे म्हणता येत नाही. गवळणी आणि भारुडे रचणाऱ्या एकनाथांनाही विनोद वर्ज्य नव्हता. शिवाय गाणारे कोण होते, हेही पाहावे. ज्या जातींना देवळाची पायरी दीर्घकाळ बंद होती, त्यांतील कलावंत फडावर कृष्णाचे नाव घेत आणि त्याच सुरात कर मागणाऱ्याची फिरकी घेत. मावशीचे वय व शरीर हाच हशाचा विषय होतो, तेव्हा मात्र विनोद उथळ ठरतो. परंपरेचा आधार देऊन त्याचे समर्थन करू नये.

बतावणीप्रमाणे हा भागही बराचसा हजरजबाबीपणावर चालतो आणि गावागणिक बदलतो. त्यामुळे केवळ वगाची छापील संहिता वाचून तो कळत नाही. प्रत्यक्ष प्रयोगाचे ध्वनिमुद्रण ऐकताना प्रेक्षकांचा हशाही संहितेचाच भाग समजावा.

स्वाध्याय

आपल्या परिसरातील यात्रेत किंवा ध्वनिमुद्रणात एखादी गवळण ऐका. चाल कायम ठेवून कोणते शब्द बदलले आणि हशा नेमका कोणावर झाला, याची दहा ओळींत नोंद करा.