लेंकरूं परक्यास कसें ओळखतें?

लेंकरूं एखाद्या अनोळखी माणसास पाहून तोंड फिरवितें, तेव्हां "त्याला उपजतच कळतें" असें आपल्या मंडळींतील आया म्हणतात. ह्या समजुतीचा आपण थोडा विचार करूं.

इंग्लंडांत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका शोधांत, गोऱ्या आईबापांच्या नवजात अर्भकांस निरनिराळ्या वंशांचे चेहरे दाखविले. त्यांनीं कोणालाहि अधिक पसंती दिली नाहीं. तीन महिन्यांचीं बाळें मात्र आपल्याच वंशाच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहत राहिलीं. मग ह्या तीन महिन्यांत घडतें तरी काय? पुढच्याच वर्षीं, २००६ सालीं, इस्राएलांतील विद्वानांनीं ह्याचा उलगडा केला. तेथील गोरीं बाळें गोऱ्या चेहऱ्याकडे, आणि इथिओपियांतील बाळें काळ्या चेहऱ्याकडे अधिक पाहत. परंतु इथिओपियाहून इस्राएलांत येऊन राहिलेल्या कुटुंबांचीं बाळें दोघांकडे सारखेंच पाहत. कुळ व वर्ण तोच. शेजार तेवढा निराळा, कारण त्यांच्या दृष्टीस दोन्ही वर्णांचीं माणसें नित्य पडत असत. (एवढ्यावरून तीन महिन्यांचें बाळ कोणाचा द्वेष करितें असें कोणीं समजूं नये. पाहणें निराळें, तिरस्कार निराळा.) तान्ह्या मुलाकडून वचन पाठ करवितां येत नाहीं, पण पलीकडच्या वस्तींतील बहिणीच्या मांडीवर त्याला बसवितां येतें, आणि निरनिराळ्या जातींतून एकत्र आलेल्या आपल्या मंडळ्यांस हें अवघड नसावें.

तिरस्कार कसा शिरतो, हें अमेरिकेंतील सिएटल येथील २०१७ सालच्या शोधावरून दिसतें. चार-पांच वर्षांच्या मुलांस एक चलच्चित्र दाखविलें. त्यांत एक मनुष्य एका बाईशीं हंसून, पुढें झुकून बोलतो. दुसरीशीं कपाळास आंठ्या घालून, मागें सरून. नंतर विचारल्यावर बहुतेक मुलांस पहिलीच आवडली, व खेळणेंहि तिलाच द्यावें असें त्यांस वाटलें.

आमच्या खेड्यांत दारीं आलेल्या कित्येकांस अजूनहि पाणी वरून ओततात. ओतणारा कांहींच बोलत नाहीं, आणि कडेवरचें मूल तें पाहत असतें. सिएटलच्या मुलांनीं तर त्या दोघींच्या मैत्रिणींविषयींहि तसाच ग्रह करून घेतला. त्या मैत्रिणींशीं तर त्या मनुष्याची गांठहि पडलेली नव्हती.