आढावा झाला, अहवाल आला, पुढे काय?

प्रश्न : माझी मुलगी विद्यापीठाच्या एका विभागात पीएच.डी. करते. गेल्या वर्षी विभागाचा अंतर्गत आढावा झाला. समिती सगळ्यांशी बोलली, अहवालही दिला. त्यानंतर विभागाला रंग लागला, सेमिनार हॉलमध्ये नवा प्रोजेक्टर आला. मुलीचं काम मात्र जिथे अडलं होतं तिथेच आहे. अशा आढाव्याने काही सुधारतं का? सुधारायचं तर नेमकं काय व्हावं लागतं?
— एक पालक, लातूर

उत्तर : सुधारतं, पण समितीने काय मोजलं यावर ते अवलंबून असतं. उच्च शिक्षणसंस्थांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची स्थापना 1994 साली झाली आणि पुढे विद्यापीठांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष, म्हणजे आपण ज्याला आयक्यूएसी म्हणतो तो, रुजला. त्यामुळे आता दरवर्षी गुणवत्तेचा अहवाल तयार होतो. शोधनिबंध किती, परिषदा किती, सामंजस्य करार किती, पदव्या किती, हे सगळं त्यात येतं. जे पदवीपर्यंत पोचले ते त्या आकड्यांत दिसतात. जे मधेच थांबले त्यांच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही, आणि विभागाचं दुखणं तर त्यांनाच ठाऊक असतं. माझ्या मते पदव्युत्तर विभागाच्या आढाव्यातला पहिला प्रश्न हाच असायला हवा : दहा वर्षांपूर्वी ज्यांनी नोंदणी केली, ते आज कुठे आहेत?

अमेरिकेत हा प्रश्न नेटाने विचारला गेला. तिथल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सने पीएच.डी. पूर्ण होण्याचा अभ्यास केला. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार दहा वर्षांत पदवीपर्यंत पोचणारे साधारण 57 टक्के होते. अभियांत्रिकीत हे प्रमाण 64 टक्के, तर मानव्यविद्यांत 49 टक्के. निवडून घेतलेल्या हुशार मुलांपैकी इतकी मुलं थांबत असतील, तर दोष एकेकट्या विद्यार्थ्यावर टाकून मोकळं होता येत नाही.

त्याआधी, 1991 ते 2000 या काळात, मेलन फाउंडेशनने दहा विद्यापीठांतल्या मानव्यविद्या आणि लगतच्या सामाजिक शास्त्रांच्या 54 विभागांना पैसा दिला होता. पीएच.डी.ला लागणारा वेळ कमी व्हावा आणि गळती थांबावी, हा हेतू. अट अशी की विभागांनी आपला कार्यक्रमही बदलायचा. सुधारणा झाली, पण ती माफकच. शिष्यवृत्ती महत्त्वाची आहेच. तिच्या जोडीला विद्यार्थ्याकडून कधी काय अपेक्षित आहे याची स्पष्टता आणि मार्गदर्शकाची खरी सोबतही लागते, हे त्यातून पुढे आलं.

आता आपल्याकडे येऊ. यूजीसीच्या 2022च्या नियमांत पुष्कळ गोष्टी चांगल्या लिहिल्या आहेत. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, त्यापुढे दोन वर्षांपर्यंत वाढ. महिला संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आणि 240 दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे, म्हणजे आरएसीपुढे, प्रगती मांडायची. प्रबंध सादर झाल्यावर मूल्यमापन सहा महिन्यांत संपवायचं.

या आरएसीचा कागद एकदा हातात घेऊन बघा. विषय, सत्र, उपस्थित सदस्यांच्या सह्या, आणि शेऱ्याच्या जागी एकच शब्द : ‘समाधानकारक’. पुढच्या सत्राच्या कागदावरही तोच शब्द, त्याच अक्षरात. काय वाचलं, प्रयोगात काय बिघडलं, कोणतं प्रकरण कुणाकडे वाचायला पडून आहे, यातलं काही नाही. काम समाधानकारक नसेल तर समितीने कारणं नोंदवून उपाय सुचवायचे असतात. तसं लिहिलं की गाईडला वाईट वाटेल, म्हणून कुणी लिहीत नाही. मग चौथ्या वर्षी एकदम कळतं की मुलगी अडकली आहे. आढावा समितीने बाकी काही केलं नाही आणि हे कागद मागवून वाचले, तरी अर्धं चित्र समोर येईल.

उरलेलं अर्धं चित्र तारखांत असतं. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक साधा तक्ता करावा : प्रवेश, कोर्सवर्क पूर्ण, विषय मंजूर, सिनॉप्सिस, प्रबंध सादर, परीक्षकांकडे रवाना, अहवाल परत, व्हायवा. दोन तारखांमधलं अंतर जिथे फुगलेलं दिसेल तिथे रोग आहे. बऱ्याचदा तो विद्यार्थ्याच्या टेबलावर नसतोच. परीक्षकांची नावं मंजूर व्हायची राहिलेली असतात, किंवा प्रबंध कपाटात बंद असतो. अशा ठिकाणी ‘संशोधन संस्कृती रुजवावी’ हे शिफारशीतलं वाक्य काहीच कामाचं नाही. हे काम कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, असं लिहिलेलं वाक्य हवं.

गाईडचा प्रश्न सगळ्यांत नाजूक आहे. नियमानुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक घेता येतात. पण मंजूर पदंच रिकामी असतील आणि अर्धं शिकवणं तासिका तत्त्वावर चालत असेल, तर उरलेल्या दोघा-तिघांवर वर्ग, परीक्षा, प्रवेश आणि संशोधक असा सगळाच भार येतो. पदभरती अंतर्गत समितीच्या हातात नसते, हे मान्य. तरीही सहमार्गदर्शक देणं, गाईड बदलून मागणाऱ्या विद्यार्थ्याला त्याची किंमत मोजावी लागणार नाही असं बघणं, आणि निवृत्ती जवळ आलेल्या गाईडच्या विद्यार्थ्यांची सोय आधीच लावणं, हे विभागाला जमण्यासारखं आहे.

आणि विद्यार्थ्यांशी बोलायचं तर विभागप्रमुखांच्या खोलीत, गाईडच्या समोर बसवून नव्हे. ज्याची सही फेलोशिपच्या कागदावर लागते, त्याच्याविरुद्ध कोण बोलेल? बाहेरच्या विभागातल्या सदस्याने, नाव न लिहिता, एकेकट्याशी बोलावं. जे सोडून गेले त्यांना फोन करावा. ते मोकळेपणाने बोलतात, कारण त्यांचं आता कुणाकडे काही अडलेलं नसतं. फेलोशिप महिनोन्‌महिने रखडली म्हणून गावाकडे शिक्षकाची नोकरी धरलेला मुलगा, लग्नानंतर वसतिगृहाची खोली गेलेली मुलगी, अशी कारणं अहवालात आली तरच त्यांवर उपाय निघतील.

प्रश्न : एम.ए., एम.एस्सी.लाही हेच लागू आहे का?

उत्तर : बरंचसं. नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या रचनेत संशोधन प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं आहे. मुलं त्या प्रशिक्षणाला खरोखर कुठे गेली आणि तिथे काय शिकली, हे दहा जणांना विचारून पाहिलं तरी पुरे. अभ्यासक्रम बदलायचा असेल तर प्रस्ताव अभ्यास मंडळ आणि पुढे विद्या परिषदेतून जातो. त्याला वेळ लागतो. वेळापत्रक, ग्रंथालयाची वेळ, प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे, हे मात्र विभाग उद्या सकाळी बदलू शकतो. तिथून सुरुवात करावी.

प्रश्न : पालक म्हणून मला काय करता येईल?

उत्तर : मुलीच्या वतीने भांडायला जाऊ नका, त्याचा त्रास तिलाच होईल. तिला विचारूनच पुढचं पाऊल टाका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आयक्यूएसीचं पान असतं. तिथे वार्षिक गुणवत्ता अहवाल, बैठकांची इतिवृत्तं आणि कार्यवाही अहवाल शोधा. तुमच्या विभागाच्या आढाव्यातल्या शिफारशींवर काय झालं, हे तिथे नसेल तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करा. सार्वजनिक विद्यापीठाला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात तक्रार लिहू नका. शिफारसनिहाय कार्यवाही, जबाबदार अधिकाऱ्याचं पद आणि पूर्ततेची तारीख, एवढंच मागा. मुलीला दर आरएसीनंतर स्वतःच्या कामाचा अर्ध्या पानाचा गोषवारा लिहून गाईड आणि सदस्यांना ईमेलने पाठवायला सांगा; पुढच्या सत्रात चर्चा त्या कागदापासून सुरू करायची विनंती तिला करता येईल.