नर्सबाईंचा घरचा अभ्यास

लेकराला लस टोचायची असो, बाळंतिणीची नाडी पाहायची असो, आपल्या तेर गावात पहिली आठवण होते ती नर्सबाईंची. या बाई शिकतात कुठे? आणि घरी बसून, पुस्तके मागवून नर्सचा अभ्यास करता येतो काय? असे पुष्कळ जणी आम्हांला विचारतात. याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. एक भाग कडू आहे, एक गोड. कडू आधी सांगतो.

नुसते घरी बसून कोणालाही नर्स होता येत नाही. नर्सचे पहिले शिक्षण शाळेत नाव घालून आणि दवाखान्यात उभे राहूनच घ्यावे लागते. ए. एन. एम. चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे, जी. एन. एम. चा तीन वर्षांचा. दोन्हींसाठी बारावी पास व्हावे लागते. प्रवेशाचे वय भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाने १७ ते ३५ आहे. शिक्षण पुरे झाले की मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदवायचे. तो नोंदणी क्रमांक मिळाला म्हणजे बाई नर्स झाली. नाही मिळाला तर झाली नाही, मग भिंतीवर कितीही प्रमाणपत्रे टांगा.

असे का? पुस्तकात हाताचे चित्र असते, त्यात निळी शीर काढलेली असते. पण खऱ्या माणसाच्या हाताला घाम आलेला असतो, तो हात ओढून घेतो, म्हातारीची शीर सुई लागताच सरकते. ही शीर पुस्तकात सापडत नाही. ती शिकवणाऱ्या सिस्टरच्या नजरेखाली, दहा वेळा चुकून, अकराव्या वेळी सापडते.

ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे लोक फसतात. जवळच्या एका तालुक्याच्या गावी एका खोलीत क्लास निघाला होता. ‘सहा महिन्यांत नर्स’ अशी पाटी होती. आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याने दोन शेळ्या विकून मुलीची फी भरली. सहा महिन्यांनी सोनेरी अक्षरांचे प्रमाणपत्र मिळाले. मुलगी ते घेऊन नोकरीसाठी गेली. तिथल्या कारकुनाने एकच विचारले, “बाई, नोंदणी नंबर सांगा.” नंबर कुठून सांगणार? पैसे गेले ते गेलेच, मुलीचे एक वर्षही गेले. म्हणून फी भरण्याआधी ती शाळा परिषदेच्या यादीत आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. आता वाचता येते, मग दुसऱ्याच्या तोंडावर का विसंबावे?

ज्यांची दहावी राहिली आहे त्यांनी मात्र निराश होऊ नये. शाळेत न जाता दहावी आणि बारावीला बसता येते. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरतात. ती पहिली पायरी घरीच चढता येते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. त्याने रुग्णसहायकाचा अभ्यासक्रमही चालवला. तो खरा होता, पण तो शिकून माणूस रुग्णसहायक होतो, नर्स नव्हे. दोहोंत घोटाळा करू नये.

आता गोड भाग. जी बाई जी. एन. एम. होऊन नोकरी करते आहे, तिला नोकरी न सोडता पदवी घेता येते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली दिल्लीला स्थापन झाले. त्याने १९९४ पासून नोंदणी झालेल्या नर्सांसाठी बी. एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सुरू केला. प्रवेशासाठी आधी नोकरीचा अनुभव लागतो, आणि प्रवेश परीक्षा असते. निदान तीन वर्षे लागतात. पुस्तके घरी येतात, स्वाध्याय लिहून पाठवायचे असतात. मात्र हाताच्या कामासाठी नेमलेल्या नर्सिंग कॉलेजात ठरल्या दिवशी जावेच लागते. तिथली हजेरी चुकली तर घरचा अभ्यास वाया. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीचे माहितीपुस्तक आधी वाचावे.

घरी शिकणे आपल्याकडे नवे नाही. रमाबाई रानड्यांचे लग्न १८७३ साली झाले तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. पतीने, न्यायमूर्ती रानड्यांनी, त्यांना घरीच शिकवले. घरातल्या बायका टोचून बोलत. त्याच रमाबाईंनी पुढे १९०९ साली पुण्याला सेवासदन उभे केले, आणि बायकांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून ससून रुग्णालयात सोय करून घेतली. घरी शिकलेल्या बाईंनाही कळले होते, की हे शिक्षण दवाखान्यातच दिले पाहिजे.

एक नर्सबाई आमच्याकडे इंग्रजी समजून घ्यायला येत. सगळे शिक्षण मराठीत झालेले, आणि ही पुस्तके इंग्रजीत. दिवसा ड्युटी, सांजच्याला भाकरी, मग अभ्यास. त्या म्हणत, “गुरुजी, पुस्तक उघडलं की डोळा लागतो. चार पानं वाचते अन् सकाळी एक ओळ ध्यानात नसते.”

आम्ही म्हणालो, “बाई, चार पाने वाचू नका. एक पान वाचा, पुस्तक मिटा, आणि ध्यानात राहिले ते कोऱ्या कागदावर लिहा. मग पुस्तक उघडून ताडून पाहा.” आपल्या गावच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून मडके कच्चे की पक्के ते पाहिले. शाळेत हे थापटणे मास्तरांच्या हाती असते. घरी शिकणाराला ते स्वतःच हाती घ्यावे लागते. नुसते वाचत राहिले की आपल्याला सगळे येते असे वाटते. कोऱ्या कागदापुढे बसले की खरे कळते.

दुसरी अडचण लांबलचक शब्दांची. हे शब्द पाठ करू नयेत, फोडावेत. ज्या शब्दाच्या शेवटी ‘आयटिस’ आहे तिथे दाह आहे, म्हणजे आग, सूज. टॉन्सिलायटिस म्हणजे टॉन्सिलचा दाह, अपेंडिसायटिस म्हणजे अपेंडिक्सचा दाह. ‘हायपर’ म्हणजे जास्त, ‘हायपो’ म्हणजे कमी. एका अक्षराचा तो काय फरक, असे म्हणू नका. हायपरग्लायसेमिया म्हणजे रक्तात साखर जास्त. हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर कमी. पहिल्यावर डॉक्टर इन्शुलिन सांगतील. दुसऱ्यात रोग्याला दरदरून घाम येतो, हात थरथरतात, तो असंबद्ध बोलतो. तो शुद्धीवर असेल तर त्याला लगेच साखर द्यायची. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीच घालायचे नाही, शिरेतून उपचार करायचा. साखर कमी झालेल्याला चुकून इन्शुलिन दिले तर त्याचा जीव जाईल. परीक्षेत या चुकीला दोन गुण जातात, म्हणून आम्ही परीक्षेची भीती बाळगा असे म्हणत नाही. रोग्याची बाळगा म्हणतो.

तिसरी गोष्ट हिशेबाची. पुष्कळ बाया इथे अडतात, म्हणून जरा सावकाश सांगतो. सलाईनची बाटली ५०० मिलिलिटरची आहे. डॉक्टरांनी सांगितले, चार तासांत द्या. तर मिनिटाला थेंब किती सोडायचे?

आधी सलाईनच्या नळीचे पाकीट पाहावे. एका मिलिलिटरला किती थेंब पडतात ते त्यावर छापलेले असते. समजा, २० आहेत. मग सबंध बाटलीत ५०० गुणिले २०, म्हणजे १०,००० थेंब झाले. चार तासांची मिनिटे २४०. दहा हजाराला २४० ने भागले की ४१ आणि वर थोडे येते. ४२ धरावेत. घड्याळ समोर धरून १५ सेकंद मोजावे. दहा-अकरा थेंब पडले म्हणजे नळी बरोबर बसली.

आता तीच बाटली, पण नळी बारीक थेंबांची, मिलिलिटरला ६० थेंबांची, जशी लहान मुलांसाठी वापरतात. बाईंनी पाकीट न पाहता सवयीने ४२ थेंब लावले. काय होईल? थेंब तिप्पट लहान, म्हणून वेळ तिप्पट. चार तासांची बाटली बारा तास चालेल. जुलाबांनी सुकलेल्या माणसाला तेवढा धीर नसतो. या बाईंना आम्ही हे उदाहरण शेंगदाण्यांवर करून दाखवले. त्या हसल्या, पण पुन्हा कधी पाकीट न वाचता फेकले नाही.

अभ्यासाला वेळ कोणता, असेही विचारतात. रात्रपाळी करून आलेल्या बाईने लगेच पुस्तक धरू नये; आधी झोपावे. ज्या आठवड्यात सकाळची पाळी असेल त्या आठवड्यात अवघड विषय घ्यावा. आणि दिवसभरात वॉर्डात जो रोगी पाहिला, त्याच्याच रोगाचे पान रात्री काढावे. ते पान मनात बसते, कारण त्याला चेहरा असतो. हा फायदा कॉलेजातल्या पोरींना कमी, नोकरीतल्या बाईला जास्त. घरच्यांनीही तेवढा तास चहा मागू नये, असे आम्हांला वाटते. पण हे कोणाच्या नवऱ्याला पुस्तकातून शिकवता आले तर पाहावे!

कागद नीट ठेवावेत. स्वाध्याय पाठवल्याची पावती, फीची पावती, कॉलेजात केलेल्या कामाच्या वहीवरच्या सह्या, सगळ्यांची एकेक नक्कल काढून पिशवीत बांधून ट्रंकेत ठेवावी. परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ती तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी.

आता वही घ्या आणि हे गणित सोडवा. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यायचे आहे. नळी मिलिलिटरला २० थेंबांची आहे. मिनिटाला किती थेंब? उत्तर आले की वरच्या पहिल्या उत्तराशी ताडून पाहा, आणि दोन्ही सारखी का आली ते आपल्या शब्दांत दोन ओळींत लिहा.