आधी गन, मग कॉम्प्रेसर

कोल्हापूर

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

चिपळूणच्या घरामागच्या पडवीत तू वर्कशॉप मांडतो आहेस, दारं-कपाटांना पीयू मारणार आहेस आणि जमलं तर आजोबांची स्कूटरही रंगवणार आहेस, हे ताईनं सांगितलं. फार बरं वाटलं. तू विचारलंस, कॉम्प्रेसर 2 एचपीचा घेऊ की 3 एचपीचा, आणि टाकी 50 लिटरची की 100? याचं उत्तर स्प्रे गनच्या माहितीपत्रकात आहे. म्हणून आधी गन ठरव.

प्रत्येक गनला मिनिटाला किती घनफूट हवा लागते, तो आकडा सीएफएममध्ये दिलेला असतो. एचव्हीएलपी गन रंग कमी उडवते, फिनिश सुरेख देते, पण हवा भरपूर खाते : साधारण 8 ते 14 सीएफएम. एलव्हीएलपी गन 4 ते 6 मध्ये भागवते. तिचा फवारा अरुंद, काम थोडं सावकाश. घरच्या वर्कशॉपला ती पुष्कळदा पुरते. खिळे मारणाऱ्या नेलरला अगदी थोडी हवा लागते. नट खोलायची इम्पॅक्ट गन अधूनमधूनच चालते, त्यामुळे तीही निभते. हवेवरचा सँडर मात्र सलग 8 ते 12 सीएफएम ओढतो. त्याच्यासाठी मोठा कॉम्प्रेसर घेण्यापेक्षा विजेवरचा सँडर घे.

आता कॉम्प्रेसरकडे. दुकानदार एचपी सांगेल, फार तर 'डिस्प्लेसमेंट' सांगेल. तो आकडा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो. प्रत्यक्ष बाहेर पडणारी हवा त्याच्या दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश. तिला एफएडी म्हणतात. तोच आकडा माग. बेल्टवर चालणारा 2 एचपीचा कॉम्प्रेसर साधारण 5 ते 6 सीएफएम देतो असं धरून चाल, आणि गनच्या गरजेपेक्षा कॉम्प्रेसरची हवा निदान सव्वापट असू दे.

कॉम्प्रेसरची हवा कमी पडली, तर मोठ्या टाकीनं ती उणीव भरून निघत नाही. गच्चीवरची टाकी मोठी केली म्हणून विहिरीवरच्या पंपाचं पाणी वाढत नाही, तसंच हे. हिशेब करून बघ. 100 लिटरच्या टाकीचा दाब 2 बारनं उतरला की 200 लिटर, म्हणजे 7 घनफूट हवा मिळते. गन 9 मागते आणि कॉम्प्रेसर 5 देतो, तर मिनिटाला 4 घनफुटांची तूट. मोटर चालू असूनही ते 2 बार पावणेदोन मिनिटांत संपतात. टाकी दुप्पट केलीस तर साडेतीन मिनिटं. दाराच्या मध्यावर दाब पडला की रंगाचे थेंब मोठे होतात आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत वाळतो.

तुटीचा दुसरा तोटा दिसायला उशीर लागतो. दम न घेता चालणारा कॉम्प्रेसर तापतो. तापलेली हवा बाष्प धरून ठेवते आणि होजमध्ये निवली की पाणी सोडते. ते पाणी थेट रंगात येतं. कोकणच्या हवेत आधीच दमटपणा किती, हे तुला मी सांगायला नको. म्हणून पाणी पकडणारा फिल्टर कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावू नकोस, तिथे हवा गरम असते. काही मीटर लोखंडी पाइप थोड्या उतारानं ने, हवा निवू दे, मग फिल्टर आणि रेग्युलेटर लाव. पीव्हीसी पाइप वापरू नकोस. दाबानं फुटला तर त्याचे तुकडे गोळीसारखे उडतात. होजचा आतला व्यास किमान 8 मिमी असू दे, आणि दाब वाचायचा तो गनचा ट्रिगर दाबून. टाकीखालचा ड्रेन कॉक रोज उघड, नाहीतर टाकी आतून गंजते.

भर पावसात एनसी लॅकर मारू नकोस. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, बाहेरचं बाष्प त्यावर बसतं आणि पांढरट छटा येते. ते पाणी फिल्टरमधून आलेलं नसतं, म्हणून चांगला फिल्टरही तिथे उपयोगी पडत नाही.

ऑइल-फ्री डायरेक्ट मशीन 2800 च्या आसपास फेऱ्यांनी फिरतं, कानठळ्या बसवतं आणि नेलरसाठी ठीक आहे. रंगासाठी बेल्टचा, तेलाचा घे. तेल हवेत येतंय का ते बघायला स्वच्छ काचेवर हवा मार. ओशट डाग उठला तर रिंगा झिजल्यात. तसल्या हवेनं रंगात डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

जुना घेणार असशील तर घड्याळ बरोबर ने. 100 लिटरची टाकी पूर्ण रिकामी करून 8 बारपर्यंत भरायला लाव. त्यात 28 घनफूट हवा मावते. साडेपाच-सहा मिनिटं लागली तर यंत्र 5 सीएफएम देतंय. आठ मिनिटं लागली तर साडेतीनच. टाकीला वेल्डिंगचं ठिगळ किंवा गंज दिसला तर फुकटही घेऊ नकोस.

विजेचंही बघ. 2 एचपीची सिंगल फेज मोटर 9-10 अँपिअर घेते, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. मीटरपासून 4 चौरस मिमीची स्वतंत्र वायर ओढ. एक्स्टेंशन बोर्डावर व्होल्टेज पडून मोटर जळते. 3 एचपी घ्यायचा तर थ्री फेजचा विचार कर. कॉम्प्रेसर रंगाच्या खोलीबाहेर ठेव. प्रेशर स्विचच्या ठिणगीनं थिनरची वाफ पेटू शकते.

आणि मास्कवर काटकसर करू नकोस. दोन भागांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्यानं दमा जडू शकतो. कापडी रुमाल काही अडवत नाही. कार्बन कार्ट्रिजचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लाव आणि समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेव.

तुझ्या कामाला माझं मत एलव्हीएलपी गन, 2 एचपीचा बेल्टचा कॉम्प्रेसर आणि 100 लिटरची टाकी असं आहे. तरीही गन हातात घेऊन तिचा सीएफएम आकडा वाच, मला कळव, आणि मगच पैसे मोज.

तुझा,
मामा